भाकरी थापणार कोण?

हल्ली हळदीकुंकवाला जा, भिशीला जा, नाहीतर सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणींच्या घोळक्यात जा, बोलण्याची गाडी फिरून फिरून खाण्यावर येतेच. कुणी गहू सोडलेला असतो, कुणी रात्रीचा भात. कुणाच्या डॉक्टरांनी नाचणी सांगितलेली असते, तर कुणाच्या सुनेनं बाजरीची बिस्किटं मागवलेली असतात. २०२३ हे साल तर संयुक्त राष्ट्रसंघानं, तेही भारताच्या प्रस्तावावरून, 'आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष' म्हणून पाळलं. सरकारनं ज्वारी-बाजरी-नाचणीचं 'श्रीअन्न' असं बारसंही केलं. जी भाकरी पाहुण्यांपुढे वाढायला आपल्या आया संकोचायच्या, तिच्यासाठी आता लग्नाच्या जेवणात वेगळा स्टॉल असतो आणि तिथे रांग लागते.

छानच झालं. भाकरीला मान मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. पण मैत्रिणींनो, या सगळ्या कौतुकात एक प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून तो मी विचारते. रोज सकाळ-संध्याकाळ ही भाकरी थापणार कोण?

मी काही शास्त्र शिकलेली नाही. बी.ए.ला मराठी घेतलं होतं. लग्न झालं, संसार झाला, मुलं मोठी होत गेली तशी बचत गटांच्या कामात ओढली गेले. पण शहराकडेच्या वस्त्यांमध्ये आणि आसपासच्या खेड्यांमध्ये फिरताना 'हिमोग्लोबिन' हा शब्द इतक्या वेळा कानावर पडला की त्याच्या मागे जाणं भाग पडलं. आरोग्य शिबिर घेतलं की ठरलेलंच. कुणाचं आठ, कुणाचं नऊ. जिना चढताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि तरी 'काही नाही हो ताई, जरा थकवा आहे' म्हणून बाई पुन्हा कामाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या महाराष्ट्रात ५४ टक्के. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत महाराष्ट्राचा आकडा ४८ होता. म्हणजे घराघरात गॅस आला, मोबाइल आला, पण बाईच्या अंगातलं रक्त मात्र वाढलं नाही.

आता शास्त्रज्ञ काय म्हणतात ते बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह आहे, तर पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम ०.६५. जवळजवळ दहापट फरक. नाचणीत कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम, त्याच तांदळात साडेसात. ज्वारी आणि न चाळलेली कणीक लोहाच्या बाबतीत साधारण सारख्याच, चारच्या आसपास. म्हणजे गव्हाला अगदीच नावं ठेवायचं कारण नाही. घोळ आहे तो कोंडा काढून टाकलेल्या मैद्याचा आणि तिन्हीत्रिकाळ पांढऱ्या भाताचा.

याहून जवळचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था यांनी मिळून बाजरीचं 'धनशक्ती' हे वाण तयार केलं आणि २०१२ मध्ये ते महाराष्ट्रात आलं. नेहमीच्या बाजरीपेक्षा त्यात लोह जास्त. यात जनुकं इकडची तिकडे करण्याचा प्रकार नाही, निवड पद्धतीनं केलेलं हे सरळ वाण आहे. त्यामुळे शेतकऱ्याला, आणि खरं तर बियाणं राखून ठेवणाऱ्या त्याच्या बायकोला, दरवर्षी नवी पिशवी विकत घ्यावी लागत नाही.

अशी लोहयुक्त बाजरी खाऊन खरंच काही होतं का, हेही तपासून झालंय. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांमध्ये १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींवर हा प्रयोग झाला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर आपल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्राध्यापिका त्यात होत्या. अर्ध्या मुलांना लोहयुक्त बाजरीची भाकरी, अर्ध्यांना साध्या बाजरीची, दोन्ही वेळेला. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या मुलांच्या शरीरात आधी लोह कमी होतं, त्यांच्यापैकी लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या १.६४ पट निघाली. औषध नाही, गोळी नाही, रोजची भाकरी!

दुसऱ्या बाजूला, आपण ज्यावर विसंबून आहोत त्या तांदूळ-गव्हाचं काय चाललंय? पश्चिम बंगालमधल्या विधानचंद्र कृषी विश्वविद्यालयातल्या आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी गेल्या अर्धशतकातल्या वाणांची तुलना केली. १९६० च्या दशकातल्या तांदळाच्या वाणांत किलोमागे सुमारे ६० मिलिग्रॅम लोह होतं, २००० च्या दशकातल्या वाणांत ते ४३ वर आलं. गव्हातलं जस्तही ३३ वरून साडेतेवीसवर. हरितक्रांतीनं आपली पोटं भरली हे विसरून कसं चालेल? मिलोच्या भाकरीचे आणि रांगांचे दिवस आपल्या घरातल्या मोठ्यांनी पाहिलेत. पण पोतं भरलं आणि दाणा जरासा पोकळ झाला, असं हे दिसतंय.

त्यात आता हवेची भर. कारखाने, गाड्या, कोळसा यांमुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय हे शाळेतली मुलंही सांगतात. पण तो आपल्या ताटात कसा शिरतो हे २०१४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातल्या एका अभ्यासानं दाखवून दिलं. या शतकाच्या मध्याच्या सुमारास हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड असेल असा अंदाज आहे, तेवढा आत्ताच शेतात सोडून गहू वाढवला. दाण्यातलं जस्त नऊ टक्क्यांनी, लोह पाच टक्क्यांनी आणि प्रथिनं सहा टक्क्यांनी घटली. तांदळाचीही प्रथिनं घटली. ज्वारी आणि मका यांची हवेतून कार्बन घेण्याची रीतच वेगळी असल्यामुळे त्यांच्यावर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. पाण्याचा हिशेबही तसाच. भारतातल्या जिल्ह्याजिल्ह्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं की भाताऐवजी मका, नाचणी, बाजरी, ज्वारी यांपैकी त्या त्या भागाला मानवेल ते पीक घेतलं, तर सिंचनाचं पाणी ३३ टक्क्यांनी वाचेल आणि त्या धान्यांतून मिळणारं लोह २७ टक्क्यांनी वाढेल.

म्हणजे शरीराला चांगली, जमिनीला चांगली, उद्याच्या तापलेल्या हवेतही टिकणारी. इतका एकमुखी कौल क्वचितच एखाद्या धान्याच्या वाट्याला येत असेल. मग तरीही वस्तीतल्या ताटात ज्वारी-बाजरी का दिसत नाही?

एका बचत गटाच्या बैठकीत मी हेच सगळं तळमळीनं सांगत होते. सगळ्या जणी ऐकून घेत होत्या. शेवटी एक जण शांतपणे म्हणाली, ''ताई, बाजरी चांगली हे आमाला ठावं हाय की. आमी तिच्यावरच वाढलो. पन पाच घरची धुणीभांडी करून आल्यावर थापत कोन बसतंय? भात टाकला की कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर पोरांचा अभ्यास तरी होतो.''

या बोलण्यात मला अडाणीपणा दिसला नाही, रोखठोक हिशेब दिसला. ज्यांनी रोज भाकरी केली आहे त्यांना तो लगेच कळेल. गव्हासारखा चिकटपणा ज्वारी-बाजरीच्या पिठाला नसतो. म्हणून आधण ठेवा, गरम पाण्यात पीठ भिजवा, तळहाताच्या चवड्यानं रगडून रगडून मळा, तेही एकेका भाकरीपुरतंच, कारण सगळं एकदम मळून ठेवलं तर शेवटच्या भाकरीला चिरा पडतात. मग थापा, तव्यावर टाका, पाणी फिरवा, उलटा, विस्तवावर फुगवा. पाच माणसांच्या घरात दहा-बारा भाकऱ्या म्हणजे तासभर तव्यापुढून हलायचं नाही.

पिठाची तर आणखी वेगळी तऱ्हा. बाजरीत स्निग्धांश जास्त. दळलं की तो मोकळा होतो, हवा लागते आणि चार-आठ दिवसांत पीठ कडू व्हायला लागतं. म्हणून महिन्याचं दळण एकदम आणता येत नाही. आठवड्याला गिरणीची फेरी, तीही वीज असेल तेव्हा. संशोधनाच्या तक्त्यात लोह असतं, जस्त असतं, पाणी असतं. गिरणीची फेरी आणि तव्यापुढचा तास त्यात बहुधा नसतो.

गंमत बघा, हाच तास घराबाहेर गेला की त्याला लगेच किंमत येते. पोळीभाजी केंद्रात पोळीपेक्षा भाकरी महाग असते आणि गिऱ्हाईक कुरकुर न करता पैसे देतं, कारण कष्ट दिसतात. सोलापूरकडच्या बायकांनी ज्वारीच्या कडक भाकरीचा चांगला धंदाच उभा केलाय. तिथे थापणाऱ्या हाताला मजुरी आहे. घरातल्या त्याच हाताला मात्र आपण 'तुमच्या हाताला काय चव आहे हो' एवढ्यावर भागवतो.

काही जणी म्हणतील, आमच्या आयांनी, सासवांनी नाही का केलं? केलं ना! त्यांनी पहाटे उठून जातंही ओढलं. जात्यावरच्या ओव्या आपल्याला आजही गोड लागतात. पण गावात पिठाची गिरणी आल्यावर एका तरी बाईनं जातं परत मागितल्याचं कुणी ऐकलंय? मग भाकरीच्या बाबतीतच 'जुनं ते सोनं' म्हणत बाईला एकटीला तव्यापुढे का बसवायचं?

दुसरी गोष्ट जरा जास्त टोचणारी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, तर बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रीला २९. म्हणजे दीडपट. आणि भाकरी तर गरम गरम खायची गोष्ट. तव्यावरून थेट ताटात. मग जी करते ती सगळ्यांत शेवटी बसते. उरलेली दीड भाकरी, पातेल्याच्या तळाची भाजी. कालवण संपलेलं असेल तर तिखट-मीठ आणि वर चहा. निवासी शाळेतल्या त्या प्रयोगात मुलांच्या ताटात भाकरी ठरल्या वेळेला पडत होती. घरात ती आधी कुणाच्या ताटात पडते आणि शेवटी कुणाला पुरत नाही, यावर कुठलंही वाण उपाय करू शकत नाही. दाण्यातलं लोह शास्त्रज्ञ वाढवतील. ते बाईच्या पोटात जाईल की नाही, हे घर ठरवतं.

लोकांना विश्वासात न घेता वरून पाठवलेलं शास्त्र कसं वाया जातं, हेही आम्ही पाहिलंय. २०२१ मध्ये सरकारनं लोहयुक्त, 'फोर्टिफाइड' तांदळाची घोषणा केली आणि पुढे तो रेशनवर आला. शंभर दाण्यांमागे एक दाणा जीवनसत्त्वं आणि लोह घालून बनवलेला. तो जरा वेगळा दिसतो. झालं! 'प्लॅस्टिकचा तांदूळ आला' अशी आवई उठली. बायका सुपात तांदूळ घेऊन नेमके तेच दाणे निवडून फेकत होत्या. त्यांना हसण्यात काय अर्थ? पिढ्यान् पिढ्या निवडून-टिपून धान्य शिजवणाऱ्या बाईला त्या दाण्याबद्दल आधी दोन शब्द कुणी सांगितलेच नव्हते.

मग करायचं काय? मला सुचतं ते सांगते. पहिली गोष्ट रेशनची. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाच्या जोडीला भरडधान्याचाही उल्लेख आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झालं. पण पिशवीत पडतो तो मुख्यतः तांदूळ आणि गहू. फुकटचा तांदूळ घरात असताना हातावर पोट असलेल्या बाईनं दुकानातून महागाची ज्वारी आणावी, ही अपेक्षाच चूक आहे. शेजारच्या कर्नाटकानं रेशनवर नाचणी आणि ज्वारी दिली. ओडिशानं २०१७ मध्ये भरडधान्य मोहीम सुरू केली, तेव्हा पेरणीबरोबरच कांडण-दळणाची यंत्रं महिला गटांच्या हाती दिली, रेशनवर नाचणी दिली, अंगणवाडीतल्या मुलांना नाचणीचे लाडू सुरू केले. बाजरीचं असं वाण आणि मंगळवेढ्याची ज्वारी ज्या राज्यात पिकते, त्या महाराष्ट्राला हे जड का जावं? सरकारनं हमखास खरेदी केली तर सोयाबीनकडे वळलेला शेतकरीही पुन्हा चार ओळी ज्वारीच्या पेरेल, आणि जनावरांना कडबा मिळेल तो वेगळाच.

दुसरी गोष्ट दळणाची आणि थापण्याची. पीठ लवकर कडू होऊ नये म्हणून बाजरीला दळण्याआधी उष्णता द्यायची तंत्रं शास्त्रज्ञांनी शोधली आहेत. ती मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत पाकिटांपुरती न राहता गावच्या गिरणीपर्यंत यायला हवीत. भाकरीची यंत्रं निघाली आहेत. वस्तीत बचत गटाचं एखादं भाकरी केंद्र असेल, शाळेच्या पोषण आहाराची भाकरी तिथून जाईल, संध्याकाळी कामावरून परतणारी बाई तिथून चार भाकऱ्या घेऊन घरी जाईल, तर एकीला रोजगार आणि दुसरीला उसंत.

तिसरी गोष्ट आपल्या ओट्याची. ज्वारी-बाजरी म्हणजे भाकरीच, असं थोडंच आहे? ज्वारीच्या कण्या, बाजरीची खिचडी, नाचणीची आंबील, थालीपीठ हे आपलेच पदार्थ. कण्या आणि खिचडी तर कुकरमध्ये होतात, तव्यापुढे उभं राहावं लागत नाही. आंबील आंबवल्यानं धान्यातलं लोह शरीराला घ्यायलाही सोपं जातं. जेवताना लिंबाची फोड पिळावी आणि जेवणाला लागून चहा टाळावा, एवढं केलं तरी फरक पडतो. रक्त फारच कमी असेल तर मात्र भाकरीवर विसंबून राहू नका. तपासणी करा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्या. पाळीत जास्त रक्त जाणं, जंत, बी-१२ ची कमतरता अशी कारणं अनेक असतात.

आणि चौथी गोष्ट घरातल्या पुरुषांना आणि मुलग्यांना उद्देशून. भाकरी हातानं थापायची असते आणि हात सगळ्यांनाच दोन असतात. पहिल्या दहा भाकऱ्या नकाशासारख्या होतील, होऊ देत. आमच्याही तशाच झाल्या होत्या. आणि ज्या दिवशी थापणं जमणार नाही, त्या दिवशी निदान सगळ्यांनी थोडं थांबून एकत्र बसावं. जरा गार भाकरीनं कुणाचं काही बिघडत नाही, पण करणारीच्या ताटात तेव्हा भाजी शिल्लक असते.

शास्त्रज्ञांबद्दल मला आदरच आहे. पुढच्या खेपेला ते नव्या वाणाचा तक्ता मांडतील, लोह किती, जस्त किती, पाणी किती वाचलं ते लिहितील, तेव्हा त्यांनी त्यात आणखी एक रकाना आखावा एवढीच विनंती. हे धान्य शिजवून ताटात यायला किती वेळ लागला, आणि तो वेळ कुणाचा गेला. तोवर, मैत्रिणींनो, आज संध्याकाळी तुमच्या घरी भाकरी असेल तर पहिली गरम भाकरी स्वतःच्या ताटात वाढून घ्या.